तीन नंबरचा पंप

पंपघरात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगून मोकळं व्हायचं. अर्ध्या शहराचं पाणी या एका कानाच्या भरवशावर चालत होतं, आणि उस्तादांना ते जरा जास्तच ठाऊक होतं.

अशा माणसाला जिना चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. हृदय फुगून मोठं झालंय, स्नायूवर जागोजागी वण आहेत, असं हृदयाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. दर ठोक्याला शंभरातले पंचावन्न भाग तरी रक्त पुढे जायला हवं, यांचं जात होतं बावीस.

"कशामुळे?"

"रक्तवाहिन्या साफ आहेत. व्यसन नाही, घराण्यात कुणाला नाही. कारण सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? नीट उघडून बघितलंत का?"

शेजारी बसलेल्या बायकोने त्यांना सणसणीत चिमटा काढला.

बाईंनी चार प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांत आकडा पस्तिशीच्या वर गेला नाही, तर ठोके अचानक बिघडून जीव जाऊ नये म्हणून छातीत झटका देणारं छोटं यंत्र बसवावं लागेल, आणि मग विजेच्या मोठ्या मोटारींजवळ फिरकायचं नाही. म्हणजे पंपघर कायमचं सुटलं. मरणाचं नाव ऐकूनही न हललेले उस्ताद एवढं ऐकून पांढरेफटक पडले.

आणि मग त्यांनी जो शहाणपणा केला, तो फक्त एखादा मेकॅनिकच करू जाणे.

दुसऱ्या महिन्यात त्यांचे पाय बुटात मावेनात. उशाला तीन उशा लागू लागल्या. बायको शिवणकाम करायची, तिच्या नजरेतून इंचाचा फरक सुटत नसे. गिऱ्हाइकाची तारीख बघायला तिने कॅलेंडर उलटलं, तर मागे नवऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'पांढरी गोळी बंद. फरक नाही. पिवळी बंद. पाय जड.'

"हे काय?"

"बिघाड शोधतोय. एकेक जोडणी सोडवल्याशिवाय कळणार कसं, कोण काय काम करतंय?"

अक्कल गहाण ठेवणारे पुष्कळ असतात, पण इतक्या शिस्तीत कुणी ठेवत नाही. ती मात्र ओरडली नाही. समोर स्टूल ओढून बसली.

"तुमचा तो तीन नंबरचा पंप. का थरथरतो हो तो?"

उस्तादांनी मान फिरवली. हा त्यांचा दुखरा भाग होता. तीन नंबर त्यांनी सात वेळा उघडला होता. बेअरिंगं बदलली, पायाही नवा ओतला. थरथर गेली नाही. शेवटी त्यांनी त्यावर खडूने 'उघडू नये' असं लिहिलं, त्याच्यावर अर्ध्याहून जास्त भार टाकला नाही आणि दर सोमवारी स्वतःच्या हाताने ग्रीस भरलं.

"किती वर्षं चालतोय?"

"अकरा."

"कारण सापडलं?"

"नाही."

"मग त्याला टाकलंत का?"

उस्तादांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं एका लोखंडाच्या तुकड्यावर जी माया केली, ती स्वतःवर करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, यथेच्छ झापलं आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले. मग बायकोने सूत्रं हातात घेतली. रोज सकाळी वजन. चारही गोळ्या तिच्या देखत. मीठ चिमटीने. "कागद उकडून वाढलाय का?" उस्ताद विचारत आणि ताट साफ करत. चालणं आधी विजेच्या एका खांबापर्यंत, मग दोन, मग दहा.

तपासणीच्या दिवशी ते डाव्या कुशीवर पडले. खोलीत त्यांच्याच हृदयाचा आवाज घुमू लागला. त्यांनी सवयीने डोळे मिटले.

"बरा आहे," ते म्हणाले.

"बोलू नका." बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. "चव्वेचाळीस!"

बायकोने भर दवाखान्यात टाळी वाजवली.

"यंत्र नको. पण गोळी एकही सोडायची नाही. आणि कारण मला अजूनही माहीत नाही."

"नसू दे," उस्ताद म्हणाले.

सोमवारी ते पंपघरात शिरले, तेव्हा मोटारींच्या आवाजाच्या वर टाळ्या ऐकू आल्या. डबा घेऊन बायकोही आली होती. उस्तादांनी थेट तीन नंबर गाठला, ग्रीस भरलं, कान लावला. थरथरत होता, छान चालत होता.

"द्या इकडे," बायको म्हणाली. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने टोक त्यांच्या शर्टाच्या बटणावर हलकेच टेकवलं, मूठ कानाला लावली आणि हुबेहूब त्यांच्यासारखे डोळे मिटले.

"काय म्हणतंय?" उस्तादांनी विचारलं.

तिने पंपावरचा खडू उचलला आणि त्यांच्या निळ्या शर्टाच्या खिशावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'उघडू नये'.

उस्ताद दिवसभर तोच शर्ट मिरवत फिरले.