चौथा खांदा

मित्रांनो, राजगडाच्या पायथ्याला पाली आहे आणि पालीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या देवळाच्या आढ्याला टांगलेली जुनी डोली दिसते ना, ती मी. मला ना झालर, ना आरसे. नवरीला नेणारी डोली वेगळी, मी आजाऱ्यांची.

चिमाजी सुतारानं मला बांधलं. सागाची चौकट, सुंभाची वीण आणि वरून जाणारा लांब वेळूचा दांडा. दांड्याला पुढे दोन खांदे, मागे दोन. मधे जो निजेल त्याला भोरच्या वाटेवरच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच माझं काम. तांबडं फुटताना निघालं तर उन्हं कलताना पोचायचं. साप चावलेले गडी मी नेले, अडलेल्या बाया नेल्या. फुलाबाईची लेक तर ओढ्याकाठी माझ्यातच जन्मली. तेव्हा येता-जाता लोक मला हात जोडत.

मागचा उजवा खांदा नेहमी कुंडलिकाचा. उतारावर मागच्या गड्यानं दांडा तोलून धरला नाही, तर आजारी माणूस पुढे घसरतं. कुंडलिकानं कधी कुणाला घसरू दिलं नाही. कण्हणाऱ्या म्हातारीला तो म्हणायचा, "आजी, सुखानं निजा. तुमच्यापरीस माजी म्हस जड हाय." कण्हता कण्हता म्हातारी हसायची.

आमच्याकडे एक रीत होती. डोली पोचवून गडी परत आले की ज्याचं माणूस त्यानं चौघांना दारू पाजायची. याला 'खांदा उतरवणं' म्हणत. न पाजणारा कंजूष ठरे.

तिघं दोन घोट घेऊन घरी जायचे. कुंडलिकाचं तसं झालं नाही. आधी खांदा उतरवायला प्यायचा, मग खांद्यावर काही नसतानाही. चार-पाच पावसाळ्यांत अशी गत झाली की सकाळी हात कापायचे आणि घोट पोटात गेल्यावरच थांबायचे. शेवटी एकदा उतारावर दांडा त्याच्या हातून सुटला. कुणाला लागलं नाही, पण पंचांनी त्याला माझ्यापासून तोडलं. दारुड्याचा हात डोलीला लागायचा नाही, असं रखमाजी पाटलांनी सांगितलं. ज्यांच्या घरी तो प्यायला शिकला, तेच हे ठरवायला बसले होते.

मग त्याला देवळात आणून बेलभंडार उचलायला लावला. बेल आणि भंडारा हातात घेऊन वाहिलेली शपथ मोडायची नसते. पुन्हा दारूला शिवणार नाही, ही शपथ कुंडलिकानं अगदी मनापासून घेतली. त्याची बायको रतनबाई कडेवरच्या लेकराला म्हणाली, "बघ गं, तुजा बा कसा शाना झाला."

दुसऱ्या दिवशी त्याला थरकाप सुटला. तिसऱ्या दिवशी अंगावर मुंग्या चढतायत म्हणून तो नसलेल्या मुंग्या झटकत बसला, रतनबाईलाही ओळखेना. कुणी म्हणालं, झपाटलाय. कुणी म्हणालं, दारूसाठीचं सोंग आहे. रतनबाई धावत देवळात आली. पंच तिथेच होते.

"पाटील, डोली द्या. दवाखान्यात न्यायचंय त्यास्नी."

"डोली आजाऱ्याला असती, रतनबाई. त्याचं त्यानं केलंय, त्यालाच सोसू द्या."

"तुमची मान्सं त्यांनी न्हेली, तवा तुमीच पाजली न्हवं का?"

 मग पाटलांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की दवाखान्यात औषधातून दारू देतात. ती पोटात गेली तर शपथ मोडेल आणि देव कोपेल. ते दुष्ट नव्हते. त्यांना शपथेचं भय होतं, तापानं फणफणलेल्या माणसाचं नव्हतं.

मी आढ्याला टांगलेली. माझा दोर कुणी सोडला तरच मी हलते.

पाचव्या दिवशी झटके यायला लागले, तेव्हा पाटलांनीच घाबरून मला खाली काढलं आणि तेही सोबत निघाले. कुंडलिक पहिल्यांदाच माझ्यात निजला. मागच्या उजव्या बाजूला नवखा गडी होता. उतारावर कुंडलिक घसरायचा, आणि पाठीशी लेकरू बांधलेली रतनबाई दर वेळी त्याला सावरून घ्यायची.

डॉक्टरांनी आणि मुबारक कंपाउंडरनं खूप धडपड केली. दिवेलागणीला कुंडलिक गेला.

मुबारकभाई पाटलांजवळ येऊन बसले. म्हणाले, "रोज पिणाऱ्याची एकदम तोडली की जिवावर बेततं, पाटील. इथं आणून, औषध देऊन, हळूहळू सोडवायची असते. थरकाप सुटला त्याच दिवशी आणायचा होता."



तिकडे पुण्याकडे दारूबंदीच्या सभा होतात, दुकानं बंद करा म्हणतात, असं वाडीत ऐकू यायचं. चांगलंच आहे ते. पण ज्याचे हात कापतात त्यानं दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठं जायचं, हे कुणी सांगत नव्हतं. अशा रोग्यांसाठी दोन खाटा द्या म्हणून डॉक्टरांनी वर अर्ज धाडला. उत्तर येईतो मुबारकभाईंनी घरची खाट आणून दवाखान्याच्या ओसरीवर टाकली. वाडीनंही दारूची रीत मोडली. परतलेल्या गड्यांना गुळाचा चहा मिळू लागला.

दुसऱ्या वर्षी वाडीतल्या मानसिंगलाही दारू तोडल्यावर तसाच थरकाप सुटला. पाटलांनी लगेच माझा दोर सोडला. पण चौथा खांदा मिळेना. दारुड्यासाठी कोण एवढं चालणार? रतनबाईनं लेकरू फुलाबाईकडे दिलं, पदर खोचला आणि डोक्यावरची चुंबळ खांद्यावर ठेवली.

"तुमी?" पाटील म्हणाले.

"मागला उजवा खांदा आमच्याच घरचा हाय."

वाटेत ती दोनदा ठेचकाळली, पण मानसिंग घसरला नाही. महिन्याभरानं तो आपल्या पायांनी घरी आला. पुढे एकदा पुन्हा प्याला, पुन्हा त्याला नेला. आता तो पीत नाही. रतनबाईच्या दारावरून जाताना मात्र मान खाली घालतो.

मित्रांनो, माझी वीण आता सैल झाली आहे, दांड्याला कीड लागली आहे. मला विणा, तेल द्या, नाहीतर नवी बांधा. पण ज्याचा असा थरकाप चाललाय, त्याला आधी माझ्यात निजू द्या. दोष त्याचा की तुमचा, ते तो परत आल्यावर त्याच्यासमोर बसून बोला.