आत्याची पाचक गोळी

छी! त्या वासाला नाव देणंच शक्य नव्हतं. सडलेलं दही, ओलं कातडं आणि उलटी एकत्र घुसळली तर कदाचित जमेल, असं अमिताचं ठाम मत होतं.

मिल बंद पडल्यापासून बाबा घरीच बसून होते. आता कुठे सांवेर रोडवरच्या एका औषधाच्या कारखान्यात लागले, तर हा वास सोबत घेऊन आले. काल ती त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेली आणि गेटपाशीच ओकली. टबभर बोकडांची पोटं! गिळगिळीत, गुलाबी-राखाडी. आणि ज्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही ते तिचे बाबा, गमबूट घालून, त्या पोटांचं आतलं अस्तर खरवडत होते.

आज रविवार. शैलजाआत्या जेवायला आलेली. तिला वास येऊ नये म्हणून बाबांनी आपलं ताट गॅलरीत नेलं.

"सुधाकर, सोड ती नोकरी," चौथी पुरणपोळी तुपात बुडवत आत्या म्हणाली. "नाहीतर या घरचं पाणी पिणार नाही मी. अमे, तू पाहिलंस ना? सांग, कसं होतं?"

"एकदम गंदं, कसम से! अजून मळमळतंय."

"ऐकलंस?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "ठीक आहे, ताई. उद्या सांगतो त्यांना."

अमिता गॅलरीकडे वळली. म्हणजे बाबा पुन्हा दिवसभर भिंतीकडे बघत बसणार?

"पण आत्या, तुझ्या पोटातही तेच आहे!" ती भडाभडा बोलत सुटली. "आतल्या अस्तरातून पेप्सिन निघतं. एन्झाइम! पुरणाच्या डाळीतल्या प्रोटीनचे ते बारीक तुकडे करतं, तेव्हा कुठे पचतं. बाबा तेच बोकडाच्या पोटातून काढतात. मग त्याच्या गोळ्या होतात."

"शी! कोण मेलं खातं असल्या गोळ्या?"

"तू. पर्समधली हिरवी बाटली काढ. तश्शाच बाटल्या काल तिथे भरत होते. नाव पण सेम!"

आत्या तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. चूळ, खाकरणं, परत चूळ, नुसता कहर. गॅलरीतून बाबांचं हसणं ऐकू आलं. किती दिवसांनी!

"मग ताई, सांगू ना उद्या त्यांना?"

आत्या पोट चोळत बसली. चार पोळ्या आत आपला रंग दाखवू लागल्या होत्या. एक ढेकर आली, मग दुसरी, आंबट. शेवटी तिने बाटली उघडली, नाक दाबलं, डोळे मिटले आणि गोळी गिळून टाकली.

"जा बाबा कामावर," ती पुटपुटली. "फक्त माझ्याकडे येताना आंघोळ करून येत जा."

अमिता आपलं ताट उचलून गॅलरीत बाबांच्या शेजारी जाऊन बसली. वास होताच, यक्! तोंडाने श्वास घेत तिने पोळीचा तुकडा मोडला.