कुरियनची माणसं, बारकूची माणसं

सटाण्याच्या पलीकडच्या गावातून सहादू अहिरे आणि त्याचा धाकटा भाऊ बारकू नाशकात आले, ते बाहत्तरच्या दुष्काळाने गावात काही शिल्लक ठेवलं नाही म्हणून. खडी फोडायचं सरकारी काम बंद झालं होतं. बौद्धवाड्यात कुणाला शेत नव्हतं, तेव्हा पुढच्या पावसाची वाट बघायचंही कारण नव्हतं. सातपूरला कारखाने उभे राहतायत, सकाळी फाटकावर उभं राहिलं की काम मिळतं, एवढं ऐकून दोघे एसटीत बसले. मागोमाग सहादूची ठमाबाई आली, बारकूची सुला आली आणि बघता बघता लोखंड ओतायच्या फौंड्रीच्या मागच्या नाल्यालगत बागलाणातल्या, म्हणजे त्यांच्याच भागातल्या माणसांची एक वस्तीच झाली.

त्याच सुमारास त्याच नाल्यालगत केरळातली माणसं आली. तीही कामाच्या शोधात आलेली, तीही पत्र्याखाली राहिली. त्यातला कुरियन हा बारकूचा शेजारी. दोघांच्या झोपड्यांमध्ये एकच पत्रा. कुरियनला मराठी येत नव्हतं आणि बारकूला धड हिंदी येत नव्हतं, तरी दोघांचं जमलं. बारकूने त्याला अहिराणी शिकवली. कुरियन भाजीबाजारात जाऊन ऐटीत विचारायचा, "वांगा काय भाव शेत?" आणि बाजार हसायचा. कुरियनची बायको सारम्मा आणि सुला एकाच नळावर भांडायच्या आणि एकमेकींच्या लेकी सांभाळायच्या. सुलाची रंगू आणि सारम्माची लिसी एका वयाच्या. कोण कुणाच्या घरी जेवली हे विचारायची पद्धतच नव्हती.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग हळूहळू फरक पडायला लागला.

केरळच्या माणसांत चाक्को नावाचा एक मॅट्रिक झालेला माणूस होता. त्याला इंग्रजी येत होतं, म्हणून तो फौंड्रीत स्टोअरकीपर झाला. कारखान्यात कुठे जागा निघाली की त्याला आधी कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एखादा माणूस धुतलेला शर्ट घालून, पाद्रीसाहेबांची चिठ्ठी घेऊन मॅनेजरपुढे उभा असायचा. कुरियन असाच पर्मनंट झाला, साच्यांवर लागला. बारकू त्याच्याइतकंच काम करायचा, पण तो ठेकेदाराचा माणूस. आला तेव्हा वाळूची घमेली वाहायला घेतला होता, तो तिथेच राहिला.

पुढे कुरियनने सातपूर गावात चाळीत खोली घेतली. घरमालकाने त्याला एवढंच विचारलं, "मद्रासी का? भाडं वेळेवर देणार ना?" शेजारची खोलीही रिकामी होती. बारकू आणि सहादू ती बघायला गेले. मालकाने गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग गावात घर नेमकं कोणत्या बाजूला आहे ते विचारलं.

"तिकडच्या अंगाला," बारकूने सांगितलं.

मालकाने किल्ली पुन्हा खिशात टाकली. "खोली पुतण्यासाठी ठेवलीय. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

परत येताना बारकू हसत होता. "दादा, आपीन नासिकले उनूत, पण गाव आपला मांगेच उना." गाव मागोमाग आलं होतं हे खरंच; सहादूला हसू आलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात तो अपघात झाला. दुपारची पाळी होती. वितळलेल्या लोखंडाची मोठी बादली क्रेनवरून साच्यांकडे निघाली आणि मधेच एका बाजूची साखळी तुटून कलली. खाली जमीन ओली होती. लोखंड पाण्यावर पडलं आणि स्फोट होऊन चहूकडे उडालं. कुरियन बादलीच्या खालीच होता. बारकू दाराशी होता, डोक्यावर वाळूचं घमेलं. त्याला नुसतं बाहेर पाऊल टाकायचं होतं. त्याने घमेलं फेकलं आणि आत धावला. कुरियनच्या काखेत हात घालून त्याने त्याला ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात बादलीतलं उरलेलं लोखंड सांडलं.

सहादूही ठेकेदाराकडेच होता, मागच्या वाळूच्या शेडमध्ये. ओरडा ऐकून तो धावत आला, तेव्हा दोघांना गोणपाटात गुंडाळून टेम्पोत ठेवलं होतं. कुरियन वाटेतच गेला. बारकू संध्याकाळपर्यंत होता. त्याला बोलता येत नव्हतं. त्याचे डोळे तेवढे सहादूवर होते, आणि सहादू बोलत राहिला, गावाबद्दल, रंगूबद्दल, जे सुचेल ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शवागाराच्या दारात सहादूने जे पाहिलं, ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. कुरियनची माणसं आली होती. नुसती सातपूरची नव्हे, देवळालीची, ओझरची, कुठल्याकुठल्या नोकऱ्यांतली. पाद्री आला होता. त्यांच्यातली एक नर्स आत जाऊन डॉक्टरांशी बोलली आणि कागद पटापट झाले. शवपेटी आली. कारखान्याचा मॅनेजर टोपी काढून उभा राहिला. बायकांनी सारम्माला मधे घेतलं होतं, तिला एकटीला उभं राहायची वेळच येऊ दिली नाही.

बारकूसाठी सहादू होता, सुला होती आणि वस्तीतले म्हातारे पुंजा बाबा. बाकी कुणी येऊ शकलं नाही. ठेकेदाराने सकाळीच सांगितलं होतं, आज जो खाडा करील त्याने उद्या फाटकावर दिसू नये. वस्तीतल्या पोरांनी मान खाली घातली आणि कामावर गेली. सहादूने त्यांना दोष दिला नाही. परवापर्यंत तोही गेला असता.

बारकूचं प्रेत मिळायला दुपार झाली. त्याआधी कुरियनच्या शवपेटीच्या मागे निघालेली सारम्मा मधेच थांबली, गर्दीतून मागे आली आणि सुलापुढे उभी राहिली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग तिच्या माणसांनी तिला हलकेच पुढे नेलं.

दहा-बारा दिवसांच्या आतच ठेकेदाराचं बोलणं कानावर आलं. तो म्हणत होता, "बारकू अहिरे त्या दिवशी कामावर नव्हताच. भावाला डबा द्यायला आला होता, आत घुसला, त्याला आम्ही काय करणार?" सहादू युनियनच्या ऑफिसात गेला. तिथल्या पुढाऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की ठेक्याची माणसं आमच्या युनियनमध्ये येत नाहीत.

मग त्याला भिमाजी आठवला. भिमाजी निकम त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वाड्यातला. बारकूच्या बरोबरीचा. शिकायला नाशकात आला तेव्हा त्याची पेटी बारकूने डोक्यावरून एसटीपर्यंत नेली होती. आता तो एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि कॉलेज रोडला बिऱ्हाड करून राहत होता. सहादू रविवारी पत्ता विचारत गेला. दारावर पाटी होती, बी. एस. निकम.

दार भिमाजीनेच उघडलं. सहादूला बघून तो झटकन बाहेर आला. त्याने दार मागे ओढून घेतलं आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "चल चल, खाली जाऊन बोलू." कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन त्याने चहा मागवला.

"बारकूचं कळलं," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं."

"आता तरी चल. तुला साहेबलोकांशी बोलता येतं. कामगारांच्या कचेरीत नुसता माझ्या शेजारी उभा राहा."

भिमाजी कप फिरवत बसला. "सहादूदादा, इथे मला सगळे मराठा समजतात. आडनावावरून त्यांनी समजून घेतलं, मी नाही म्हटलं नाही. याआधी दोन खोल्या सोडाव्या लागल्या मला. पोरगा शेजारच्या घरात जेवतो. मी तुझ्याबरोबर उभा राहिलो, नाव-गाव निघालं, की उद्या..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"मंग आम्ही काय करानं?"

"त्याला काम करताना पाहिलेला साक्षीदार आण. पर्मनंट माणूस. मी अर्ज लिहून देतो. फक्त घरी येऊ नको, दादा. पाया पडतो तुझ्या."

भिमाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. सहादू शिव्या द्यायला तयार होऊन बसला होता, पण त्याच्या तोंडून शिवी निघेना. अर्ज भिमाजीने तिथेच लिहून दिला, सुंदर अक्षरात.

साक्षीदार होते. साच्यांवरची सहा माणसं तिथेच उभी होती आणि सहाही जण चाक्कोची. सहादू चाक्कोकडे गेला. चाक्कोने त्याला घरात घेतलं, पंखा त्याच्याकडे वळवला, सगळं ऐकून घेतलं.

"बारकू चांगला माणूस," तो त्याच्या तुटक मराठीत म्हणाला. "कुरियनसाठी मेला. आम्हाला माहीत आहे. पण कंपनी सारम्माला नोकरी देणार आहे, अजून दिली नाही. माझी सहा माणसं कंपनीविरुद्ध बोलली तर सारम्माचं जाईल. सहा माणसांचंही जाईल. मी माझ्या माणसांना काय सांगू?"

"खरं सांगा म्हणावं."

"तुझ्या जागी मी असतो, तर हेच म्हणालो असतो," चाक्को म्हणाला. "माझ्या जागी तू असतास तर?"

साक्षीदार मिळाला नाही. अर्ज कुठल्यातरी टेबलावर राहिला. अर्ज केल्याचं कळल्यावर ठेकेदाराने सहादूलाही काढलं, आणि तो मार्केट यार्डात हातगाडी ओढायला लागला. सारम्मा फौंड्रीच्या कँटीनमध्ये लागली.

नोकरी लागल्यावर ती वस्तीत आली. सुलाच्या दारात बसून रडली. मग म्हणाली, "लिसीला मिशनच्या शाळेत घातलंय, वसतिगृहात. रंगूलाही घालू. मी फादरशी बोलले, फी माफ करतील. दोघी एकत्र राहतील."

सुलाने सहादूकडे बघितलं. घरातला मोठा पुरुष आता तोच होता.

सहादूच्या मनात ती साक्ष न देणारी सहा तोंडं होती. "आमच्या बापाने धर्म बदलला तो मान वर करायला," तो म्हणाला. "तुमच्या पाद्रीच्या दयेवर पोर वाढवायला नाय. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर साक्ष द्या."

सारम्मा उठली. "माझ्या हातात ते नाही, दादा," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यानंतर रंगूची शाळा फार चालली नाही. फौंड्रीतून जळकी वाळू ट्रकने आणून नाल्यापलीकडे टाकत. त्या वाळूत लोखंडाचे बारीक तुकडे असत. वस्तीतल्या बायका दोरीला लोहचुंबक बांधून ते वेचत आणि भंगारवाल्याला विकत. ज्या कारखान्याने नवरा खाल्ला, त्याच्याच उकिरड्यावर सुला दिवसभर वाकलेली असे, आणि शेजारी रंगू. काळी धूळ दोघींच्या घशात गेली. सुलाचा खोकला मग थांबलाच नाही.

रंगू चौदाची झाली तशी सहादूने तिचं लग्न मालेगावकडच्या एका बिजवराशी लावलं. तो यंत्रमागावर होता, दारू पीत नव्हता, एवढं पाहिलं. पोरीची पाठवणी करून सहादू परत आला, तेव्हा सुला चुलीशी बसली होती. इतक्या वर्षांत तिने थोरल्या दिरापुढे कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"दादा, तवय सारम्मा दारशी उनती," ती म्हणाली. "माले पोरले शाळामा धाडनं व्हतं. तुम्ही माले इचारंच नही."

ठमाबाई पाणी आणते म्हणून बाहेर गेली. त्या दिवसापासून सहादू सुलाशी बोलताना जमिनीकडे बघून बोलायला लागला.

शहाऐंशीत लिसीला आखातातल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. केरळच्या लोकांनी तोवर स्वतःचा हॉल बांधला होता. तिथे तिच्या निरोपाचं जेवण होतं. सारम्मा स्वतः वस्तीत येऊन बोलावून गेली. सुला म्हणाली, "माले जमाव नही, खोकला शे. तुम्ही जा."

सहादू धुतलेलं धोतर नेसून गेला. हॉलमध्ये ट्यूबलाइट होते, खुर्च्या होत्या. कुरियनबरोबर नाल्यालगत राहिलेली माणसं आता घड्याळं बांधून, पोरांना मांडीवर घेऊन बसली होती. पाचसहा जणांनी त्याला ओळखलं आणि पुढे होऊन हात धरला. लिसी आली, वाकून पाया पडली, रंगू कशी आहे विचारलं. रंगूला एक मुलगा झाला, एक गेला, असं त्याने सांगितलं. लिसीचा चेहरा उतरला, तेवढ्यात तिला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.

चाक्को आता म्हातारा झाला होता. तो सहादूशेजारी येऊन बसला. थोडं इकडचं तिकडचं झालं.

"एक विचारू, अहिरे? रागावू नको," तो म्हणाला. "आपण एकदमच आलो. तुमची माणसं आमच्यापेक्षा कमी राबली नाहीत. मग असं का झालं? तुम्ही लोक एकत्र राहत नाही, असं आमचे पोरगे म्हणतात."

सहादूला राग आला नाही. राग यायचं वय सरलं होतं.

"एकत्रच होतो की," तो म्हणाला. "दुसरीकडे कुणी राहूच देत नव्हतं. साहेब, तुम्ही स्टोअरकीपर झालात, तसं तुम्ही चार लोकांना सांगितलं, ही माझी माणसं. आमच्यातला एक जण शिकून साहेब झाला. तो मला घराच्या जिन्यावरून खाली घेऊन गेला. तोंड लपवलं म्हणून त्याची पोरं शिकली. नसतं लपवलं, तर तोही नाल्यावर असता. आता मी त्याला काय म्हणू?"

"त्या सहा जणांतला एक आजारी आहे," चाक्को हळू म्हणाला. "तो अजून बारकूचं नाव घेतो."

"घेऊ द्या," सहादू म्हणाला.

वाढायला सुरुवात झाली. सारम्माने त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला, मासे वाढले, आणि सुलासाठी डबा भरून दिला. तो डबा घेऊन सहादू त्र्यंबक रस्त्याने चालत निघाला. उन्हं उतरली होती. नाल्यापलीकडे वाळूचा ट्रक नुकताच रिकामा होत होता, आणि वस्तीतल्या बायका आणि पोरी दोऱ्या घेऊन धावत सुटल्या होत्या.

सुला त्यांच्यात होती. खोकला होता, तरी गेली होती. सहादू ढिगाच्या कडेला जाऊन उभा राहिला. तिने वर बघितलं, चेहऱ्यावरची काजळी पदराने पुसली.

"लिसी कशी दिसस?" तिने विचारलं.

"चांगली दिसस," तो म्हणाला.

सुलाने मान हलवली आणि पुन्हा वाळूत वाकली.