नादबाबाच्या अंगठ्याचं नख

जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या गल्लीत, पंख्यांच्या दुकानावरच्या माडीवर, रविवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नसायची. आणि सगळी शिकलीसवरलेली माणसं, बरं का! एक दंतवैद्य, बँकेतले दोन साहेब, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाई. सगळ्यांना एकच वेड: लहानपणीचे गेम तसल्याच जुन्या कॉम्प्युटरवर, त्याच आवाजात पुन्हा खेळायचे. कॉम्प्युटर भंगारात मिळायचा, पण त्यात आवाज काढणारं साउंड कार्ड कुठलं घ्यायचं हे सांगणार कोण? पुस्तिका केव्हाच रद्दीत गेलेल्या. म्हणून सगळे नादबाबाकडे यायचे.

हा पूर्वी त्याच गल्लीत रिमोट विकायचा. आता पांढरा सदरा, हातात तांब्याची तबकडी, समोर माइक आणि अर्धे मिटलेले डोळे.

"तुम्ही कार्ड निवडत नाही, कार्ड तुम्हाला निवडतं!" बाबा म्हणाला आणि बँकेतल्या साहेबांनी मान डोलावली.

दंतवैद्याने आणलेलं कार्ड बाबाने आपल्या मशीनमध्ये बसवलं. पडद्यावर विमान उडालं, आपटलं, फुटलं. आवाज मात्र शून्य.

"रुसलंय," बाबा म्हणाला. मशीन बंद करून त्याने कार्ड बाहेर काढलं. "डोळे मिटा सगळ्यांनी. एक जरी डोळा उघडा राहिला तरी नाद बुजतो."

तबकडी कार्डावरून फिरली, थोडं पुटपुटणं झालं, कार्ड पुन्हा आत गेलं. आणि विमान असं काही गरजलं की दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. लोकांनी टाळ्यांनी माडी डोक्यावर घेतली.

मागच्या रांगेत कानवाली बसली होती. ती श्रवणयंत्रं दुरुस्त करायची, म्हणून हे नाव. टाळ्या तिनेही वाजवल्या, पण डोळे काही तिने मिटले नव्हते. गेले तीन रविवार मिटले नव्हते.

तिचा राग होता मामांसाठी. साखरेच्या दुखण्यात मामांची नजर गेली, तेव्हा त्यांच्याजवळ एकच खेळ उरला होता, जुन्या कॉम्प्युटरवरचा भुयाराचा. दाराची करकर कुठून येते, पाणी कुठे ठिबकतं, राक्षसाची पावलं किती जवळ आली, सगळं कानाने ओळखून ते भुयार पार करायचे. आपलं कार्ड बोटाला ओळखू यावं म्हणून त्याच्या पत्र्याच्या कडेला कानशीने तीन खाचा पाडल्या होत्या. एकदा खेळ बिघडला म्हणून शेजाऱ्याने मामांना इथे आणलं. बाबाने कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "हे मेलंय." ते ठेवून घेतलं आणि कुठलं तरी फुटकळ कार्ड 'सिद्ध' म्हणून गळ्यात मारलं. त्यात दार, पाणी आणि राक्षस, सगळेच एकसारखे खरखरायचे. मामा तक्रार घेऊन गेले, तर बाबा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, कार्ड सिद्ध आहे. तुमचेच कान गेलेत."

मामांना ते पटलं! चार महिने ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "डोळे गेले, आता कानही चालले गं," एवढंच म्हणायचे. कानवालीने दोनदा त्यांचे कान तपासले, ठणठणीत होते. तरी मामांचा विश्वास बाबावर, भाचीवर नाही. त्या दिवशी तिने ठरवलं, याला नुसतं उघडं पाडायचं नाही, याच माडीवर, याच माइकवर रडवायचं.

आज मामा पहिल्या रांगेत होते. "कशाला आणलंस मला?" म्हणून त्यांची कुरकुर चालली होती.

कानवाली पुढे आली आणि तिने पिशवीतून कार्ड काढलं. बाबाने ते निरखलं. कार्ड उत्तम होतं आणि बाबाच्या डोळ्यांत हाव दिसली. मशीनमध्ये बसवलं, तर अर्थातच चिडीचूप.

"अरेरे, हे मेलंय," बाबा म्हणाला. "इथेच ठेवून जा. आम्ही त्याला निरोप देऊ."

"नक्की मेलंय?"

"नक्की."

"माइकवर सांगा ना, मागे ऐकू गेलं नाही."

"मेलंय, ताई!"

"बरं झालं," ती म्हणाली आणि खाली हाक मारली. हमालाने जिन्याखाली ठेवलेला तिचा जुना कॉम्प्युटर वर आणला. तिने मेलेलं कार्ड त्यात बसवलं, विमान सुरू केलं. माडी दणाणली!

"हा... हा माझ्या स्पर्शाचा परिणाम," बाबा चाचरला.

"तुझ्या नखाचा परिणाम! दाखव सगळ्यांना अंगठा. एवढं नख कशाला वाढवलंस?" तिने कार्ड उंच धरलं. "ही बारकी काळी टोपी बघा. कार्डाने कुठल्या नंबरला ओ द्यायची ते हिच्यावर ठरतं. बहुतेक कार्डं दोनशेवीसला ओ देतात. बाई, याच्या मशीनमध्ये कुठला नंबर लिहिलाय, वाचता?"

गणिताच्या बाई पडद्याजवळ वाकल्या. "दोनशेचाळीस."

"झालं! मशीन चाळीसला हाका मारतंय, कार्ड विसाला कान लावून बसलंय. बोलणार कसं? तुमचे डोळे मिटले की हा नखाने टोपी चाळीसवर सरकवतो. चांगलं कार्ड दिसलं की सरकवत नाही, मेलं म्हणतो आणि घशात घालतो. आणि बोलतं केलेलं कार्ड तुमच्या घरी येऊन स्वतःच्या हातानेच बसवतो ना? तिथला नंबरही चाळीस करायला!"

दंतवैद्य ताडकन उठला. त्याने बाबाचं कपाट उघडलं. आत अकरा 'मेलेली' कार्डं रांगेत उभी होती. कानवालीने एकेक कार्ड मामांच्या हातात दिलं. सातव्यावर त्यांचं बोट थांबलं. एक खाच, दुसरी, तिसरी.

"माझं आहे," मामा म्हणाले.

बाबाने हात जोडले. "ताई, पोटाचा प्रश्न आहे. जाऊ द्या."

त्याला तसं वाकलेलं बघून कानवालीला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. तिने माइक त्याच्या तोंडाशी धरला. "मामांचे कान कसे आहेत, सांग."

"चांगले आहेत."

"मोठ्याने."

"चांगले आहेत! मी खोटं बोललो!" बाबा खरंच रडायला लागला.

"आता ही दहा कार्डं ज्यांची त्यांना एकेकाच्या घरी जाऊन दे. आणि प्रत्येक दारात 'मी खोटं बोललो' हेच वाक्य म्हण. दंतवैद्य तुझ्याबरोबर येतील."

"येणारच!" दंतवैद्य बाह्या सरसावत म्हणाला.

बँकेतले साहेब पुटपुटले, "पण आवाज तर आम्ही स्वतः ऐकला होता हो."

"आवाज खराच होता," कानवाली म्हणाली. "तुम्ही फक्त डोळे मिटलेत. उद्या कार्ड गप्प बसलं, तर बाबा शोधू नका, नंबर बघा. आणि कोणी डोळे मिटायला सांगितलं, तर त्याचे हात बघा."

तोवर मामांचं कार्ड तिच्या कॉम्प्युटरमध्ये बसलं होतं. भुयार सुरू झालं. पाणी ठिबकलं, दूर कुठेतरी दार करकरलं. मामांनी मान तिरकी केली, बोटं कळांवर ठेवली आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा हसले.

"डावीकडे आहे दार," ते म्हणाले. "मला ऐकू येतंय गं."