मुरलीधररावांनी न उघडलेला फोन

"सरकारला सगळ्यांचे निरोप वाचता आले पाहिजेत. ज्यानं काही केलंच नाही, त्यानं काहून घाबरायचं?" हे मुरलीधररावांचं ठाम मत. मुलगी मैत्रेयी कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाच वाचता न येणाऱ्या निरोपांची बाजू घेऊन भांडायला लागली, की ते तिला गप्प करायचे. तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. सुरक्षा म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं, असं त्याला वाटणारच.

मग काल कारखाना बंद होणार अशी अफवा उठली आणि गेटवर घोषणाबाजी झाली. संध्याकाळी घरी जाताना मुरलीधररावांनी हौसेनं तीच अफवा चार ग्रुपांवर पाठवली. आज सकाळी गेटबाहेरच्या सुरक्षा कचेरीत त्यांना बोलावणं आलं.

टेबलामागे सुरक्षा अधिकारी देवदत्तजी बसले होते. त्यांची बायको प्रतिमा आणि मुरलीधररावांची क्षमा एकाच भजनी मंडळातल्या.

"भाऊ, जरा फोन खोल के दे दो. सुरुवात कोणी केली ते शोधून राहिलो."

मुरलीधररावांनी फोन खिशातून काढला, पण पुढे केला नाही. तासाभरापूर्वीच मैत्रेयीचा निरोप आला होता: बाबा, हे माझ्यावर हात उगारतात. मी राइट टाउनचं घर सोडतेय. आईला मीच सांगेन. मैत्रेयी अजून सासरच्या त्या घरातून निघालीही नव्हती. हे प्रतिमाताईंच्या कानावर गेलं असतं, तर भजनी मंडळातून दुपारपर्यंत तिच्या सासरी पोचलं असतं.

"नाही देणार. लेखी आदेश आणा."

"काहून? काही लपवायचं आहे काय?"

"आहे. घरातलं." मुरलीधररावांनी फोन मुठीत घट्ट धरला होता. "अफवा कधी निघाली?"

"साडेअकराला."

"मग टोकनची वही मागवा ना! आत जाताना आमचे फोन गेटवरच जमा होतात. माझा आठ ते पाच तिथंच होता."

वही आली. देवदत्तजींनी सह्यांवरून बोट फिरवलं आणि ओशाळून हसले. "अच्छा, चलो. जा भाऊ. पण असं काही पुढे पाठवत जाऊ नका."

बाहेर पडताच त्यांनी मैत्रेयीला फोन लावला. "पोरी, इथं माझा फोन मागितला होता. दिला नाही. तुझं कोणीच वाचलं नाही."

पलीकडून आधी ऑटोची घरघर ऐकू आली.

"मी निघाले बाबा. बॅग घेऊन घरीच येऊन राहिले."

मुरलीधरराव भर रस्त्यात रडले, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही.