तेविसांतली मी एकुलती एक

मी वाळवी बोलतेय. घाबरू नका, तुमच्या नाही, शेजारच्या काकूंच्या कपाटातली.

फरशीखालच्या मातीत माझा जन्म झाला. आई आमची राणी. आम्ही तांदळाच्या कणीएवढे, ती तुमच्या करंगळीएवढी. तिच्या अंगाचा वास दरवळायचा तोवर अंडी घालायचं दुसऱ्या कुणाच्या मनातही यायचं नाही. मला तर उडायचं होतं. पाठीवर पंखांचे कोंब फुटले होते, ते मिरवत मी दिवसभर ताठ चालायची.

एका दुपारी औषधवाला आला. त्याने फरशी उकरली, आईला बरणीत भरलं आणि काकूंना दाखवलं.

“ही बघा राणी. आता बाकीची पिलावळ आपोआप संपेल.”

तसं त्याचं चुकलं नव्हतं. अंडी बंद झाली. थकलेले कामकरी मरायचे, त्यांच्या जागी नवं कुणी येईना. घर बुडायला आलं.

आईचा वास विरला तशी माझ्या पोटात गडबड सुरू झाली. मला वाटलं, प्लायवूड बाधलं. तेवढ्यात थोरली ताई आली. आमच्या कामकऱ्यांना डोळे नसतात, म्हणून तिने माझी पाठ चाचपली.

“कोंब आहेत, म्हणजे अंडीही घालशील. आता तूच राणी. कुणाला बोलू नकोस, बाकीच्यांना वाईट वाटेल.”

“आणि माझं उडणं?”

“तू उडालीस तर इथे अंडी कोण घालणार, मी?”

मी थोडी रडले. मग उडायचा नाद सोडला, मान वर करून बसले आणि पहिलं अंडं घातलं. कौतुकाला ताई कुठे सापडेना, म्हणून शेजारच्या बोगद्यात डोकावले. तिथे माझी बहीण, मान वर करून, अंडं घालत होती.

“कुणाला बोलू नकोस,” ती म्हणाली.

पुढच्या बोगद्यात आणखी एक. मोजल्या तर मला धरून तेवीस. आंधळ्या ताईने जिचे कोंब हाताला लागतील तिला राणी करून टाकलं होतं.

भांडायचं सगळ्यांच्याच मनात होतं, पण अवघडलेल्या अंगाने उठणार कोण? आईएवढी अंडी आमच्यातल्या एकीलाही जमत नाहीत. पण तेवीसजणी मिळून आईच्या कितीतरी पुढे गेलोय. कपाट संपलं. सध्या दाराची चौकट चालू आहे.

काल काकूंनी औषधवाल्याला पुन्हा फोन केला. तेवढं थांबवा हो. त्याने एक राणी नेली तर आम्ही तेवीस झालो. तेवीस नेल्या तर किती होतील, देव जाणे. इथे आता बसायलाही जागा नाही.

तुमची दारं लाकडीच आहेत ना?