चहाच्या खोक्याची पेटी

जानरावाने जयंतीच्या कमिटीपुढे शब्द देऊन टाकला, तेव्हाच बेबीताईने ओळखलं की आता नवऱ्याची झोप गेली आणि आपलीही.

पिंपळगाव राजात चौदा एप्रिलच्या जयंतीला दरवर्षी उत्तमरावाचा लाऊडस्पीकर येई. उत्तमराव माणूस वाईट नव्हे. फक्त कोणत्या वस्तीत किती वेळ वाजवायचं, याची त्याची मापं वेगवेगळी. मागच्या वर्षी कव्वालीला रंग चढला, ढोलक तापली, आणि याने मशीन गरम झालं म्हणून बटण बंद केलं. पाटलाच्या नातवाच्या बारशाला तेच मशीन पहाटेपर्यंत गार राहिलं होतं.

म्हणून जानराव म्हणाला होता, यंदा आवाज आपला. मुंबईला होड्या बनवायच्या कारखान्यात त्याने काही वर्षं काढली होती. येताना तिथून त्याने काचेच्या धाग्यांचं कापड, ते चिकटवायच्या रेझीनचा डबा, रेझीन घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली, रेकॉर्ड वाजवायचं जुनं मशीन आणि एक मोठा स्पीकर आणला. पेटी चहाच्या खोक्यांच्या प्लायवुडची केली. पेटी वाजली खरी, पण ठेका पडला की पातळ फळ्या थरथरत आणि सांध्यांतून हवा फुसफुसत बाहेर पडे. कमिटीचे किसनराव म्हणाले, "संध्याकाळच्या सभेपर्यंत दुरुस्त झाली तं ठीक. नाही तं उत्तमरावालेच सांगू, बाप्पा."

त्याच दुपारी उत्तमराव सायकलवरून सहज आला. तो सहज कुठे जात नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक.

"काय करून राह्यला बे जानराव?"

"सांधे बुजवून राह्यलो." जानरावाने अंगणातच पातेल्यासारख्या गंजात रेझीन ओतलं आणि मुंबईला घालत तेवढंच हार्डनर त्यात घातलं.

"हे काचेचं कापड म्हंतात थे हेच काय? धुता येते काय? काऊन पिवळं दिसते?"

जानराव भिडस्त. एकेका प्रश्नाला हातातला ब्रश थांबवून उत्तर देत राहिला. मुंबईचा समुद्रवारा वेगळा आणि चैत्रातलं वऱ्हाडचं ऊन वेगळं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा गंज हाताला चटका देत होता. आतलं रेझीन शिजलेल्या पिठल्यासारखं आळलं, त्यातून धूर निघाला, आणि ब्रश त्यात उभाच्या उभा राहिला.

उत्तमराव हळहळला. अगदी मनापासून हळहळल्यासारखा.

डब्यात उरलं होतं ते एका वेळेपुरतं. बेबीताईने पेटी घरात ओढली, दारावर ओलं गोणपाट टांगलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तोंडाचं काम बंद." मग पाहुण्याकडे वळून, "भाऊ, तुमी आत या. बाहेर ऊन हाये."

जानरावाने या वेळी हार्डनर निम्मंच घातलं. त्यामुळे रेझीन आळेना, पण कापडही धरेना. खालच्या सांध्यांवर ते नीट बसलं. वरच्या सांध्यावर ओलं कापड स्वतःच्या भाराने सुटून लोंबू लागलं. पेटी उलटी करावी तर खालचं निघणार. एकेक बाजू वाळवत बसायला संध्याकाळ थांबणार नव्हती.

"भाऊ, थोडा हात लावता काय?" बेबीताईने खताच्या थैलीतलं प्लास्टिक फाडून त्याच्या हातावर ठेवलं. "यायले दुसरा कोपरा पाह्यचा हाये. अन् तुमचा हात कसा, तारा जोडून जोडून बसलेला."

स्तुतीला नाही म्हणणं उत्तमरावाला जमत नसे. त्याने पेटीत दोन्ही हात घातले आणि प्लास्टिकवरून कापड सांध्यावर दाबून धरलं. धरल्यावर त्याला उमगलं की आपण काय धरलं आहे.

जानरावालाही उमगलं. कोपऱ्यात ब्रश मारता मारता तो त्या हातांकडे बघत होता. ते हात सुटले की कापड खाली, पेटी गेली, आणि जयंतीचा आवाज पुन्हा याच माणसाच्या बटणाखाली. तोंडातून मात्र त्याने एवढंच काढलं, "जरा वर घ्या."

बाहेरून किसनरावांची हाक आली. "उत्तमराव हायेत काय? सभा भरून राह्यली. तुमचं ठरवाचं तं या लवकर."

रेझीनचा उग्र वास डोळ्यांत झोंबत होता. उत्तमरावाच्या मनगटावर काचेचं बारीक कुसळ लागून आग सुरू झाली होती आणि कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. बेबीताईने गोणपाट बाजूला केलं नाही, की त्याला थांबा म्हटलं नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"हाक मारून राह्यले," तो म्हणाला.

"हाव," जानराव म्हणाला. "आयकू आलं."

उत्तमरावाचा उजवा हात जरासा सैल झाला. कापडाची कड वितभर सुटली. जानरावाच्या हातातला ब्रश खाली पडला.

मग उत्तमरावाने दात खाऊन कड पुन्हा वर चेपली. "किसनराव," तो आतूनच ओरडला, "मले येता येत नाही. हात गुतले हायेत."

कशाने थांबला, ते त्यालाच ठाऊक. उद्या चावडीवर कोणी म्हणालं असतं की उत्तमरावाला एक चिंधी धरवली नाही, तर ते त्याला जयंतीचं काम हातचं जाण्यापेक्षा जड गेलं असतं, असा माझा अंदाज. दुसरं काही कारण असेल तर ते त्याने दाखवलं नाही.

रेझीन आळलं. जानरावाने नखाने टोचून पाहिलं, मग मान हलवली, आणि उत्तमरावाने हात बाहेर काढले. स्पीकर बसवला, तारेचं भोक बुजवलं. जानरावाने स्पीकरचा पडदा बोटांनी हलके आत दाबला. तो झटकन परत आला नाही. हळू, जड, श्वास सोडल्यासारखा वर आला. हवा आतच होती.

किसनराव कमिटीची माणसं घेऊन दारात आले. रेकॉर्ड लागली. ढोलकीची पहिली थाप पडली तेव्हा फळ्या थरथरल्या नाहीत. भिंतीवरच्या मांडणीतल्या पितळी ताटल्या थरथरल्या. बेबीताईने त्या हाताने धरल्या आणि नवऱ्याकडे पाहायचं टाळलं.

किसनरावांनी गाणं संपू दिलं. "मंग उत्तमराव, तुमचं कसं?"

उत्तमराव मनगट खाजवत उभा होता. "माह्यं काय? त्या दिवशी मले संग्रामपूरले काम हाये. मी थेच सांगाले आलो होतो."

संग्रामपूरला काम नव्हतं, हे दारातल्या सगळ्यांना माहीत होतं. कोणाचं काम, कोणाकडे, असं एकानेही विचारलं नाही. जानरावाने रेकॉर्ड उलटली आणि सुई पुन्हा ठेवली.